पुस्तकाला थांबायला जागा

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते सर रात्रशाळेत शिकवत. त्यांनी या संस्थेला दिलेली पुस्तकं मी काल येऊन चाळली. पहिल्या पानावर नाव आणि तारीख सगळेच घालतात. सर पुस्तक कुठून घेतलं तेही लिहीत. ‘स्ट्रँड’, ‘काळबादेवी’, ‘फाउंटन, फूटपाथ’, ‘दादर’. ग्रंथपालबाई म्हणाल्या, व्याख्यानाला विषय हवा असेल तर हाच घ्या. म्हणून आज मुंबईतल्या पुस्तकांच्या दुकानांवर बोलणार आहे.

या विषयावर बोलायला उभा राहिलेला माणूस सहसा हळवा होतो. जुन्या कागदाचा वास, लाकडी शिडी, चष्मा नाकावर आलेला मालक. हे सगळं मलाही आवडतं. पण उमेदवारीच्या काळात मी पुस्तकांच्या दुकानात काउंटरमागे उभा राहिलो आहे, पुडकी बांधली आहेत, उधारीच्या वह्या लिहिल्या आहेत. त्यामुळे दुकानात शिरलो की माझं लक्ष आधी शिडीकडे जात नाही. इथलं भाडं किती असेल, हा विचार पहिल्यांदा येतो. आणि माझं आजचं म्हणणंही तेवढंच आहे: ज्या दुकानात पुस्तकाला गिऱ्हाइकाची वाट बघत थांबता येतं, ते दुकान चांगलं. आणि पुस्तकानं किती थांबायचं, हे बहुतेक वेळा जागेचं भाडं ठरवतं.

हिशेब करू. समजा, दोनशे चौरस फुटांचा गाळा आहे. दाटीवाटीनं मांडली तर त्यात चार हजार पुस्तकं मावतील. भाडं महिना चाळीस हजार. म्हणजे प्रत्येक पुस्तकाच्या डोक्यावर महिन्याला दहा रुपये भाडं. पुस्तकाची छापील किंमत तीनशे रुपये आणि दुकानदाराचं कमिशन त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे शंभर रुपये धरू. विजेचं बिल, नोकराचा पगार, वाळवी, चोरी हे सगळं बाजूला ठेवलं तरी दहा महिन्यांत ते पुस्तक स्वतःची सगळी कमाई स्वतःच खाऊन टाकतं. अकराव्या महिन्यापासून दुकानदार त्याला पदरमोड करून सांभाळतो. आता गिऱ्हाईक म्हणालं, वीस टक्के सवलत द्या. शंभरातले साठ गेले, उरले चाळीस. पुस्तकाची मुदत दहा महिन्यांवरून चार महिन्यांवर आली.

उलट, याच गाळ्याला जुन्या भाडेकरूचं चारशे रुपये भाडं असेल तर? पुस्तकामागे महिन्याला दहा पैसे. शंभर रुपये कमिशन हजार महिने पुरेल, म्हणजे त्र्याऐंशी वर्षं. एवढं थांबायला दुकानदारही शिल्लक राहणार नाही.

मंडळी, हा हिशेब डोक्यात ठेवून माझ्याबरोबर मुंबईत फिरा. दुकानं वेगळीच दिसायला लागतील.

फोर्टापासून सुरुवात करू. हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी रोडवर, तारापोरवाला होते. रॅम्पार्ट रोवर थॅकर होते. बाबासाहेब आंबेडकरांचे पाकिस्तानविषयीचे आणि काँग्रेसविषयीचे ग्रंथ याच थॅकर कंपनीनं काढले. हा सगळा भाग कचेऱ्यांचा, बँकांचा, न्यायालयांचा. इथे पुस्तकांची दुकानं इतकी वर्षं कशी टिकली याचं मोठं उत्तर १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात आहे. त्या कायद्यानं भाडी १९४० च्या पातळीला बांधून टाकली. घरमालकांचे त्यात हाल झाले, दुरुस्त्या थांबल्या, इमारतींना टेकू लागले, पागडीचा काळा व्यवहार फोफावला. हे सगळं खरं. पण त्याच कायद्याच्या सावलीत शिंपी, घड्याळजी आणि पुस्तकवाले शहराच्या ऐन मध्यात तगून राहिले. १९९९ चा नवा भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. बँका, बहुराष्ट्रीय कंपन्या, एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा झालेलं भांडवल असलेल्या कंपन्या यांचं भाड्याचं संरक्षण गेलं. छोट्या दुकानदाराचं गेलं नाही. पण त्याच्या गाळ्याला शेजाऱ्याच्या नव्या भाड्याचा भाव फुटला. दुकान चालवण्यापेक्षा गाळा सोडण्यात जास्त पैसा दिसायला लागला, की पुढची पिढी काय ठरवणार ते सांगायला नको.

आता स्ट्रँड. टी. एन. शानभाग यांनी १९४८ साली कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमात एक छोटा स्टॉल टाकला. पुढे दुकान फोर्टात सर फिरोजशहा मेहता रोडवर आलं, पण नाव सिनेमाचंच राहिलं. शानभागांचा मार्ग माझ्या हिशेबातल्या थांबणाऱ्या पुस्तकाच्या अगदी उलट होता. नफा कमी ठेवायचा, छापील किमतीवर घसघशीत सवलत द्यायची आणि माल झपाट्यानं फिरवायचा. सुंदराबाई हॉलमधल्या त्यांच्या वार्षिक प्रदर्शनाला लोक रिकाम्या पिशव्या घेऊन येत आणि टॅक्सी करून परत जात. पण नुसत्या सवलतीवर एवढं नाव होत नाही. कोणत्या गिऱ्हाइकाला काय लागतं हे त्या दुकानात माहीत असायचं. वकिलाला इतिहास, डॉक्टरला चरित्रं, कुणासाठी काय बाजूला ठेवायचं हे ठरलेलं. म्हणजे पुस्तक येतानाच त्याचा वाचक अर्धा ठरलेला असे, म्हणून त्याला फार थांबावं लागत नसे. २००३ साली शानभागांना पद्मश्री मिळाली. पुस्तकं विकणाऱ्या माणसाला असा सन्मान आपल्याकडे क्वचितच मिळतो. २००९ मध्ये ते गेले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये दुकान बंद झालं. ज्या सवलतीनं त्यांनी नाव कमावलं, ती तोपर्यंत इंटरनेटवरच्या विक्रेत्यांच्या हातात गेली होती, आणि त्यांना फोर्टात गाळाही लागत नव्हता.

तिथून फाउंटनकडे या. सोमैया भवनाच्या तळमजल्यावर किताबखाना आहे. २०११ मध्ये सुरू झालं. उंच छत, जुने खांब, लाकडी कपाटं, वर सज्जा. मुंबईत पाहुणा आला आणि त्याला एकच पुस्तकाचं दुकान दाखवायचं असेल तर मी इथे नेतो. इंग्रजी पुस्तकं भरपूर आहेतच. मराठी, हिंदी, गुजरातीलाही स्वतःची कपाटं आहेत. मराठी पुस्तक फोर्टातल्या अशा देखण्या दुकानात मानानं उभं असलेलं बघितलं की बरं वाटतं. डिसेंबर २०२० मध्ये इथे आग लागली. आगीतून जे वाचतं ते पाण्यात जातं, पुस्तकांचं तर हमखास. तरी मार्च २०२१ मध्ये दुकान पुन्हा उभं राहिलं. एवढ्या लवकर ते कसं जमलं? मालकांची जिद्द आहेच. पण माझा नेहमीचा प्रश्न विचारा. गोदावरीकाठच्या साखर कारखान्यांतून वाढलेल्या सोमैया समूहाचं हे दुकान त्यांच्याच इमारतीत आहे. जागा घरची आहे. मी हे कुत्सितपणे म्हणत नाही. फाउंटनसारख्या ठिकाणी घरच्या जागेत बँक किंवा कपड्यांची शोरूम न घालता पुस्तकं मांडणं हा एक प्रकारचा दानधर्मच आहे, आणि तो ज्यांना परवडतो त्यांनी जरूर करावा.

फिरोजशहा मेहता रोडवरच ‘स्मोकर्स कॉर्नर’ हे नाव तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. बोटावाला चेंबर्स या इमारतीच्या प्रवेशमार्गातच पुस्तकं लावलेली, आणि चालवणारे सुलेमान बोटावाला. पाटीवरची दोन नावं जुळवा, म्हणजे जागेचा प्रश्न कसा सुटला असेल याचा अंदाज येतो. दुकानाला जोडून पुस्तकं भाड्यानं देण्याचीही सोय होती. वांद्र्याच्या ‘ट्रिलॉजी’नं आपल्या काळात दुकान आणि वाचनालय हीच जोडी लावली. एकाच पुस्तकानं विकलं जाण्याची वाट बघत बसायचं, त्यापेक्षा अधूनमधून फिरून यायचं आणि भाडं कमवायचं. थांबण्याचा खर्च काढायची ही एक चांगली युक्ती आहे.

आणि ज्यांना गाळाच नाही ते? फाउंटनपासून चर्चगेटकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तारघराच्या आसपास, पदपथावर पुस्तकांच्या भिंती उभ्या असायच्या. या शतकाच्या सुरुवातीला महापालिकेनं कारवाई केली आणि त्या भिंती विरळ झाल्या. काही विक्रेते चिवटपणे राहिले. माटुंग्याला किंग्ज सर्कलपाशीही अशीच रांग आहे. या लोकांचा माल येतो रद्दीतून, घर बदलणाऱ्यांकडून, वारलेल्या प्राध्यापकांच्या मुलांकडून. सगळा लॉट एकदम उचलायचा. त्यात काय आहे ते नंतर बघायचं. पदपथावरच्या विक्रेत्याकडे संगणक नसतो, तरी कमरेएवढ्या ढिगाऱ्यात तळाशी काय आहे ते तो न बघता सांगतो. वरची पुस्तकं ढळू न देता मधलं पुस्तक ओढून काढतात ते बघण्यासारखं असतं. डाव्या हाताचा तळवा वरच्या थप्पीवर, उजव्या हाताची दोन बोटं कण्याच्या खाली, एक हिसका, आणि थप्पी जागच्या जागी बसते. पावसाची सर आली की निळं प्लास्टिक पडतं आणि भाव करणं छत्रीखाली चालू राहतं. यांना भाडं नाही, पण पालिकेच्या गाडीची धास्ती रोजची आहे. पुस्तकाला इथे हवं तितकं थांबता येतं. दुकानालाच थांबता येईल याची खात्री नाही.

जुन्या पुस्तकांचं पक्कं दुकान काळबादेवीला होतं, ‘न्यू अँड सेकंडहँड बुकशॉप’. १९०५ साली सुरू झालं आणि शंभरी ओलांडून बंद पडलं. सरांच्या पुस्तकांत त्याची नोंद किती ठिकाणी सापडते ते संस्थेच्या सभासदांनी जरूर पाहावं.

काळबादेवीहून गिरगाव जवळच. मराठी पुस्तकांचा व्यापार एके काळी गिरगावात एकवटला होता. गणेश भटकळांनी १९२४ साली पॉप्युलर बुक डेपो काढला आणि त्यातून पुढे पॉप्युलर प्रकाशन आलं. केशवराव कोठावळे यांचं मॅजेस्टिक तर विक्रेता, प्रकाशक आणि संपादक हे सगळं एकाच गल्ल्यामागे बसलेलं. १९६४ पासून त्यांनी ‘ललित’ मासिक चालवलं, म्हणजे कोणती पुस्तकं आली आहेत हे गावोगावच्या वाचकाला घरबसल्या कळायची व्यवस्था केली. ते अंक वाचून लोक पत्र टाकून पुस्तकं मागवत. दुकानाच्या चार भिंतींत येऊ न शकणाऱ्या वाचकापर्यंत दुकान टपालानं पोहोचायचं. टपाल खात्याचा पुस्तकांसाठीचा स्वस्त नोंदणीकृत दर डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाला. वर्तमानपत्रांत फार गाजावाजा झाला नाही. पण शंभर रुपयांच्या पुस्तकाला टपालखर्च किती, हे ज्यांना लहान गावी पुडकी पाठवावी लागतात त्यांना विचारा.

गिरगावचा मराठी माणूस उपनगरांत गेला आणि त्याच्यामागून पुस्तकंही निघाली. दादर, पार्ले, ठाणे, डोंबिवली. दादरला छबिलदासजवळचं आयडियल म्हणजे तर भेटण्याचं ठिकाण. ‘आयडियलपाशी थांब’ असं सांगितलं की पत्ता विचारावा लागत नसे. मराठी दुकानांची एक खुबी सांगतो. जूनमध्ये पाठ्यपुस्तकं आणि गाइडं, वर्षभर स्पर्धा परीक्षांची पुस्तकं, श्रावणात पोथ्या आणि व्रतांच्या पुस्तिका, मार्चअखेर ग्रंथालयांची खरेदी. या चार गोष्टींच्या कमाईवर कवितासंग्रह फळीवर टिकतो. कुणी नाक मुरडत असेल की काय हे दुकान, दहावीची गाइडं लावलीत, तर त्यांना सांगा, त्या गाइडांनीच आतल्या कवीचं भाडं भरलंय.

मी ज्या दुकानात उमेदवारी केली तिथले मालक नवं पुस्तक आलं की मागच्या कव्हरच्या आत, अगदी खालच्या कोपऱ्यात, पेन्सिलीनं महिना आणि साल लिहीत. माल जांगड, म्हणजे न विकल्यास परत करण्याच्या बोलीवर, आलेला असेल तर बाजूला फुली. फुलीवालं पुस्तक ठरल्या वेळेत परत पाठवायचं. बिनफुलीचं आपलं, ते विकलं जाईपर्यंत आपल्याकडे. एकदा एक गृहस्थ आले. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला जमिनीचा जुना कागद, मोडीतला. मोडी शिकवणारं काही आहे का, म्हणाले. दुकानात दुसरं कुणी हो म्हणालं नसतं. मालक उठले, खालच्या फळीच्या मागच्या रांगेत हात घातला आणि एक पातळ पुस्तिका काढून दिली. पेन्सिलीची तारीख दहा-अकरा वर्षांपूर्वीची. किंमत आठ रुपये, त्यावर चिकटपट्टी लावून नवी किंमत टाकलेली नव्हती, आठच घेतले. गृहस्थ गेल्यावर मालकांनी मागणीच्या वहीत लिहिलं: मोडी पुस्तिका, दोन प्रती.

त्या व्यवहारात जेमतेम अडीच-तीन रुपये सुटले असतील. आणि पुन्हा दोन प्रती मागवल्या! व्यापाराच्या कुठल्याही पुस्तकात याला वेडेपणा म्हटलं असतं. पण त्या माणसानं पुढे कुठलंही पुस्तक दुसरीकडे शोधलं असेल असं मला वाटत नाही. अशी दोनशे-तीनशे माणसं जोडली गेली की दुकान उभं राहतं. फळीवर थांबलेलं प्रत्येक पुस्तक अशा एखाद्या माणसासाठी राखून ठेवलेलं असतं. तो कोण, ते त्याच्या येण्याआधी कुणालाच माहीत नसतं. संगणकाच्या पडद्यावर हवं ते पुस्तक मिळतं, पण ज्याचं नाव ठाऊक आहे तेच. आपल्याला ज्याचं अस्तित्वच ठाऊक नाही, ते हातात येण्यासाठी ते कुठेतरी उभं असावं लागतं.

आता कुणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण लोक वाचतात कुठे? त्यांना मी सहा डिसेंबरला दादरला घेऊन जाईन. चैत्यभूमीच्या वाटेवर, शिवाजी पार्कच्या मैदानात दोन-तीन दिवस जी पुस्तकांची दुकानं लागतात, तसा ग्रंथबाजार क्वचितच बघायला मिळतो. ताडपत्रीचं छत, बांबू, फळ्या. गावाहून रात्रभर प्रवास करून आलेली माणसं खिशातले पैसे मोजून पुस्तकं घेतात. बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे जे खंड सरकारनं १९७९ पासून काढले, त्यांच्यासाठी रांगा लागतात. ज्या माणसानं पुस्तकं राहावीत म्हणून हिंदू कॉलनीत राजगृह बांधलं, त्याच्या स्मृतिदिनाला पुस्तक विकत घेऊन घरी जायचं, ही लोकांनी आपणहून घडवलेली रीत आहे. या दुकानांना तीन दिवसांपलीकडे थांबता येत नाही. तिथे वाचकच पुस्तकाकडे चालत येतो. मराठी माणूस पुस्तक विकत घेत नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा त्या गर्दीत उभं राहावं.

मग करायचं काय? फ्रान्सनं १९८१ मध्ये कायदा केला. पुस्तकाची किंमत प्रकाशकानं ठरवायची आणि कोणत्याही दुकानदारानं, मोठ्या किंवा छोट्या, नव्या पुस्तकावर पाच टक्क्यांपेक्षा जास्त सवलत द्यायची नाही. आपल्या हिशेबात घाला: पाच टक्के म्हणजे पंधरा रुपये, शंभरातले पंचाऐंशी उरले, पुस्तक साडेआठ महिने थांबू शकतं. ब्रिटनमध्ये प्रकाशकांचा असाच करार १९०० पासून होता. १९९० च्या दशकात तो मोडला आणि पुढच्या वर्षांत तिथली असंख्य छोटी दुकानं गेली. आपल्याकडे छापील किंमत ही फक्त कमाल मर्यादा आहे, खाली कितीही उतरा. प्रकाशकच आपल्या प्रदर्शनात वाचकाला तीस टक्के सवलत देतो आणि मग दुकानदारानं आपलं पुस्तक वर्षभर ठेवावं अशी अपेक्षा करतो. दुकानदारानं ते का ठेवावं? प्रकाशक, विक्रेते आणि ग्रंथालयं यांनी एकत्र बसून निदान नव्या पुस्तकाच्या पहिल्या वर्षापुरती सवलतीची मर्यादा ठरवायला हवी. कायद्याची वाट बघायची गरज नाही; ब्रिटनमधला तो करारही कायदा नव्हता, व्यापाऱ्यांनी आपसात पाळलेलाच होता.

वाचकांकडूनही दोन अपेक्षा आहेत. दुकानात पुस्तक चाळायचं, मुखपृष्ठाचा फोटो काढायचा आणि घरी जाऊन मोबाईलवर स्वस्तात मागवायचं, हे बंद करा. ते पुस्तक तुमच्या हातात आलं कारण कुणीतरी महिन्याला दहा रुपये भरून ते तिथे उभं ठेवलं होतं. दुसरी गोष्ट, हवं ते पुस्तक दुकानात नसेल तर मागणी नोंदवा आणि चार दिवस कळ काढा. पुस्तकानं वर्षानुवर्षं थांबायचं आणि आपण चार दिवसही थांबायचं नाही, हा न्याय नव्हे.

शेवटी आयोजकांना एक विनंती. मघाशी तुम्ही मला शाल आणि श्रीफळ दिलंत. आभारी आहे, पण अशा शाली आमच्या घरात बऱ्याच झाल्या आहेत आणि मुंबईत त्या पांघरायची थंडी पडत नाही. पुढच्या वर्षीच्या वक्त्याला जवळच्या दुकानातून पुस्तकं घेऊन द्या. छापील किमतीत घ्या, सवलत मागू नका. आणि सरांच्या शिरस्त्याप्रमाणे पहिल्या पानावर दुकानाचं नाव लिहा. तेवढं केलंत तरी आजचं व्याख्यान कामी आलं असं मी समजेन.